रुसवा आवरा, खर्डा काढा

मराठी लेखकाला टीका सोसत नाही. हे वाक्य वाचून ज्यांच्या कपाळाला आठी पडली, त्यांच्यासाठीच आजचा मजकूर आहे.

पुस्तक निघतं. प्रकाशन समारंभ होतो. व्यासपीठावर चार वक्ते. दोघांनी पुस्तक चाळलेलं असतं, एकाने प्रस्तावना आणि मलपृष्ठ वाचलेलं असतं, आणि ज्याने अथपासून इतिपर्यंत वाचलेलं असतं त्याला वेळेअभावी पाच मिनिटं मिळतात. शाल, श्रीफळ, फोटो. पुढचा आठवडाभर व्हॉट्सॲपवर 'अप्रतिम', 'निःशब्द', 'अंतर्मुख केलंत'. मग दोनेक महिन्यांनी रविवारच्या पुरवणीत परीक्षण येतं. बराचसा मजकूर कौतुकाचा. शेवटच्या परिच्छेदात एवढंच, की उत्तरार्ध सैल झाला आहे आणि सगळी पात्रं एकाच आवाजात बोलतात.

लेखक तेवढाच परिच्छेद पाठ करतो. परीक्षण लिहिणारा कुठला, कुठल्या गटातला, त्याची स्वतःची कादंबरी कुठल्या प्रकाशकाने परत केली होती, याची चौकशी सुरू होते. मित्रांचे फोन येतात, "लक्ष देऊ नकोस, जळतात साले." एक समदुःखी लेखक त्या परीक्षणाचं परीक्षण लिहितो. आठ दिवस ही धावपळ चालते. उत्तरार्ध खरोखरच सैल आहे का, हे पुस्तक उघडून पाहायला मात्र कुणाला सवड होत नाही.

लेखकाचा लेखकराव कसा होतो, यावर भालचंद्र नेमाड्यांनी लेख लिहिला त्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली. तेव्हा लेखकराव व्हायला निदान थोडी कीर्ती लागायची. आता पहिलं पुस्तक आणि त्यावरची पहिली नापसंती एवढं पुरतं.

एका जिल्ह्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात कादंबरीवर चर्चा होती. मी श्रोत्यांत होतो. तिसऱ्या रांगेत एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या. मांडीवर वाचनालयाची खाकी कव्हर घातलेली प्रत, आणि तिच्यात जागोजागी खुणेसाठी एसटीची जुनी तिकिटं. प्रश्नांची वेळ आली तेव्हा बाई उभ्या राहिल्या, एका तिकिटापाशी पुस्तक उघडलं आणि म्हणाल्या, "नवरा कर्ज काढतो त्या रात्री मालन एकदा बोलते. पुढे घर विकलं जातं, मुलगा निघून जातो, पण ती एक शब्द बोलत नाही. ती गप्प का झाली ते मला कळलं नाही. मी दोनदा वाचलं."

लेखकाने माईक घेतला. "बाई, ती माझी आई आहे. माझी आई अशीच गप्प होती."

सभागृहात कुणी हललं नाही. बाई "बरं" म्हणाल्या आणि बसल्या. कार्यवाहांनी आभार मानले.

त्या संध्याकाळचा सर्वांत चांगला प्रश्न तिथे मारला गेला. बाईंनी विचारलं होतं मालनबद्दल, लेखकाने उत्तर दिलं आईबद्दल. कुणाच्या आईबद्दल भर सभेत पुढे काय विचारणार? लेखक खोटं बोलत नव्हता, त्याचं दुःख खरंच होतं. पण ते कादंबरीच्या पानावर उतरलं नव्हतं, आणि उतरलं नाही हे सांगणारी त्या सभेतली एकमेव वाचक त्याने एका वाक्यात खाली बसवली. तिने कादंबरी दोनदा वाचली होती. असे वाचक लेखकाला आयुष्यात किती मिळतात?

लेखक मंडळी हळवी असतात, त्यांना सांभाळून घ्या, असं आपल्याकडे फार मायेने सांगितलं जातं. मला ते मान्य नाही. हळवेपणा हे लेखकाचं हत्यार आहे. तो त्याची रजेची चिठ्ठी होऊ शकत नाही. बहिणीच्या आवाजातला बदल ज्याला फोनवर कळतो, बापाने ताट सारलं ते भूक नव्हती म्हणून की लाज वाटली म्हणून हे ज्याला लहानपणी कळलं, तो माणूस पुढे लिहितो. त्याच माणसाला समोर उभ्या राहिलेल्या वाचकाची अडचण कळू नये? इतर वेळी त्याला ती कळते. अडचण स्वतःच्या पुस्तकाबद्दल असली की मात्र त्याला फक्त अपमान ऐकू येतो. अशा वेळी संवेदनशीलतेचं नाव घेऊ नये. मान दुखावला, एवढंच म्हणावं.

याच्या उलटा सल्ला तितकाच वाईट: कातडी जाड कर. कातडी जाड केलेला लेखक टीका सोसतो खरा, पण मग त्याला दुसरंही काही लागेनासं होतं. अशा लेखकांची चौथी-पाचवी पुस्तकं वाचा. सगळं सफाईदार, पण एकही प्रसंग आपल्याला लागत नाही, कारण तो लिहिणाऱ्यालाच लागलेला नसतो. टीका लागली पाहिजे. पाच वर्षं घालून लिहिलेली कादंबरी कुणी पाच ओळींत निकालात काढली, तर झोप उडणारच. उडू द्या. रात्रभर जागा, आणि सकाळी उठून ते पान उघडा. माझं मागणं एवढंच आहे.

टीकेने कवी मरतो, अशी एक जुनी कथा आपले कवी आवडीने सांगतात. ती जॉन कीट्सची. त्याच्या 'एन्डिमियन' या दीर्घ काव्यावर १८१८ मध्ये इंग्लंड-स्कॉटलंडातल्या दोन वजनदार नियतकालिकांनी झोड उठवली. 'ब्लॅकवुड्स'ने त्याला कविता सोडून पुन्हा औषधांच्या दुकानात जायला सांगितलं. 'क्वार्टर्ली रिव्ह्यू'च्या टीकाकाराने तर चार भागांपैकी पहिलाच भाग आपण वाचल्याचं स्वतःच लिहून टाकलं. १८२१ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, कीट्स रोममध्ये वारला. शेलीने त्याच्यावर शोककाव्य लिहिलं, बायरननेही या प्रकरणावर ओळी लिहिल्या, आणि परीक्षणाने कवी मारल्याची कथा जगभर पसरली.

कीट्स क्षयाने गेला. त्याचा धाकटा भाऊ टॉम त्याच दुखण्याने डिसेंबर १८१८ मध्ये वारला होता आणि कीट्सनेच त्याची शुश्रूषा केली होती. परीक्षणं आली त्याच शरदात त्याने एका पत्रात लिहिलं, की ही नियतकालिकं देऊ शकतील त्याहून कितीतरी जास्त त्रास आपल्याला आपण स्वतः केलेल्या तपासणीने दिला आहे. 'एन्डिमियन' कच्चं आहे, हे त्याने त्या काव्याच्या प्रस्तावनेतच मान्य केलं होतं. पुढच्याच वर्षी, १८१९ मध्ये, त्याने नाइटिंगेलवरची आणि शरद ऋतूवरची कविता लिहिली. आज त्याचं नाव आहे ते त्या वर्षाच्या कवितांमुळे. कीट्सहून हळवा कवी शोधून सापडायचा नाही, आणि टीकेला त्याच्याइतकं नीट उत्तर देणाराही. ज्यांना कीट्स व्हायचं असेल त्यांनी त्याच्या क्षयाऐवजी १८१९ हे वर्ष डोळ्यांसमोर ठेवावं.

आता खरा गोंधळ. आपण तीन निरनिराळ्या गोष्टींना टीका म्हणतो.

पहिली गोष्ट, लिहिणाऱ्या माणसावरचा हल्ला. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' हे छोटं पुस्तक पुण्यात छापून घेतलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येच्या आरोपाखाली शिक्षा झाली होती आणि त्यावरून वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांवर तोंड सोडलं होतं. ताराबाईंनी त्याला उत्तर दिलं. पुस्तकावर गहजब झाला. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून ताराबाईंची बाजू घेतली, तरीही ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. पहिलंही विस्मरणात गेलं. ते मराठी वाचकाच्या हाती पुन्हा आलं १९७५ मध्ये, स. गं. मालशे यांनी ते प्रसिद्ध केलं तेव्हा. मधे ९३ वर्षं गेली.

१९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' आलं. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्नाची वाट पाहून थकलेल्या मुलींच्या त्या कथा. मालतीबाई बेडेकरांनी त्या विभावरी शिरूरकर या नावाने लिहिल्या होत्या. कथांमध्ये काय आहे ते बाजूला राहिलं आणि ही विभावरी कोण, याचाच शोध महाराष्ट्र घेत बसला.

हे सगळं जुनं झालं असं समजू नका. आजही बाईच्या पुस्तकाचं परीक्षण उघडा. तिच्या धाडसावर दोन परिच्छेद असतात, तिच्या वाक्यावर एक ओळ नसते. दलित कवीच्या संग्रहाचं परीक्षण उघडा. वेदनेवर तीन परिच्छेद, प्रतिमेवर एक शब्द नाही. सूर कौतुकाचा असला तरी हे बोलणं माणसाबद्दलच आहे. कविता वाचायचे कष्ट टाळलेले आहेत. अशा कौतुकाचा राग येणाऱ्या लेखकांच्या बाजूने मी आहे.

दुसरी गोष्ट, झुंड. 'घाशीराम कोतवाल' डिसेंबर १९७२ मध्ये पुण्यात रंगमंचावर आलं आणि थोड्याच प्रयोगांनंतर करणाऱ्या संस्थेनेच ते थांबवलं. जब्बार पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थिएटर अकादमी काढली आणि नाटक पुन्हा उभं केलं. आनंद यादवांनी 'संतसूर्य तुकाराम' मागे घेतलं, माफी मागितली, तरीही २००९ च्या महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना सोडावं लागलं. तमिळनाडूत पेरुमाळ मुरुगन यांनी जानेवारी २०१५ मध्ये आपल्यातला लेखक मेला असं जाहीर केलं. जुलै २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि ते पुन्हा लिहिते झाले.

इथे लेखकाने किती सोसावं हा प्रश्नच गैरलागू आहे. इथे वाचकांनी, प्रकाशकांनी आणि साहित्य संस्थांनी काय केलं, हे विचारायचं. कादंबरी वाईट आहे असं म्हणायचा प्रत्येक वाचकाला हक्क आहे. कादंबरीकाराला धमकावायचा हक्क कुणालाच नाही. एकाच वेळी दोन्ही म्हणता आलं पाहिजे: पुस्तक मला आवडलं नाही, आणि लेखकाच्या केसाला धक्का लागता कामा नये. असं म्हणणारे आपल्याकडे फार थोडे निघतात. बाकीचे पुस्तक वाचायच्या आधी बाजू ठरवतात.

या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या की तिसरी उरते. पुस्तक वाचून, पुस्तकाबद्दल, पुस्तकातलं पान दाखवून केलेली टीका. टीका म्हणायचं ते हिलाच. आणि माझी तक्रार इथे आहे. आपला लेखक या तिसरीलाही पहिल्या दोघींच्या रांगेत उभं करतो. उत्तरार्ध सैल आहे म्हणणाऱ्याला शत्रू ठरवतो, अभिव्यक्तीवर घाला आला म्हणून सांगत सुटतो. ताराबाईंनी जे भोगलं त्याच्याशी स्वतःच्या नाराजीची बरोबरी करताना त्याला काही वाटत नाही. त्याचा परिणाम वाईट होतो. उद्या खरी झुंड एखाद्याच्या दाराशी आली, तर त्याच्या हाकेला धावून जाणाऱ्यांना वाटेल की हे रोजचंच रडगाणं आहे.

तिसऱ्या प्रकारची टीका घ्यायची कशी? एक उदाहरण जवळून पाहिलं आहे, ते सांगतो.

गेल्या पावसाळ्यात एका तरुण लेखिकेने कथेचा खर्डा वाचायला दिला. मिरजेच्या दवाखान्यातून मुलगी बापाला रिक्षाने घरी आणते. बापाचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दवाखान्याच्या खर्चापायी तिने ते विकलं आहे आणि त्याला अजून सांगितलेलं नाही. रिक्षा त्या दुकानावरून जाते. शेवटी आठ ओळी होत्या, त्यांत संध्याकाळ, पाऊस आणि मुलीचे डोळे. तिघांनी खर्डा वाचला. एक म्हणाला, शेवट बटबटीत आहे. दुसरी म्हणाली, बापाने रागवायला हवं होतं. तिसरा म्हणाला, कथा अजून चार पानं पुढे न्या. लेखिका वैतागली. "तिघांची तीन मतं. ऐकू कुणाचं?"

दोन आठवडे तिने खर्ड्याला हात लावला नाही. मग तिच्या ध्यानात आलं, की मतं तीन असली तरी तिघंही अडखळले ते एकाच जागी. शेवटच्या अर्ध्या पानात. तिथे तिला भावना ओतावी लागत होती, कारण ती आधी कुठे साठलेलीच नव्हती. ती मागे गेली. चौथ्या पानावर दुकान विकल्याचा प्रसंग तिने दोन वाक्यांत उरकला होता: दुकान विकलं, दुसरा इलाज नव्हता. लिहायला जड गेलं म्हणून टाळलेलं ते पान तिने नव्याने लिहिलं. गिऱ्हाईक येतं. शटर दोनदा वर-खाली करून बघतं. भिंतीवरच्या खिळ्यांना लटकवलेल्या जुन्या ट्यूब मोजतं. हवेच्या पंपाला हात लावून म्हणतं, "हा यातच धरला ना?" मुलगी म्हणते, "हो." त्या पंपाने बाप चाळीस वर्षं गावाच्या सायकलींत हवा भरत होता, हे तिने लिहिलंसुद्धा नाही. तोवर वाचकाला ते कळलेलं असतं.

तेवढं पान आल्यावर शेवटच्या आठ ओळी आपोआप गळाल्या. रिक्षा दुकानावरून जाते, बाप बाहेर बघतो आणि कथा संपते. तिघांपैकी एकाचाही उपाय तिने घेतला नाही. तिघांनी दाखवलेली जागा तेवढी घेतली. वाचक अडखळला ही वस्तुस्थिती असते, तिच्याशी वाद घालता येत नाही. का अडखळला याचं त्याचं निदान चुकू शकतं, आणि औषध शोधणं हे तर लेखकाचंच काम. हा फरक ज्याला कळला त्याला टीकेची भीती वाटायचं कारण उरत नाही, आणि टीकाकाराच्या तालावर नाचायचंही.

थोरांनी हेच केलं आहे. विजय तेंडुलकरांचं 'गृहस्थ' हे नाटक चाललं नाही. पुन्हा नाटक लिहायचं नाही असं त्यांनी ठरवलं. ठराव टिकला नाही हे आपलं भाग्य. 'श्रीमंत' आलं, पुढे बाकीचा तेंडुलकर आला, आणि त्या पडलेल्या 'गृहस्थ'चंही त्यांनी नव्याने लेखन केलं, ते 'कावळ्यांची शाळा'. बा. सी. मर्ढेकरांची 'काही कविता' १९४७ मधली. दुर्बोधतेचा शिक्का बसला, अश्लीलतेचा खटला झाला, त्यातून ते निर्दोष सुटले. १९५१ मध्ये त्यांचा पुढचा संग्रह आला आणि त्याचं नाव होतं 'आणखी काही कविता'. जी. ए. कुलकर्ण्यांच्या 'काजळमाया'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि प्रकाशनाच्या तारखेवरून वाद उठला. जी. एं.नी पुरस्कार परत केला आणि ते लिहीत राहिले. १९७५ मध्ये 'रमलखुणा', १९७७ मध्ये 'पिंगळावेळ'. जी. ए. किती हळवे होते हे त्यांची पत्रं वाचणाऱ्यांना सांगायला नको.

आणि संपादक. गिरगावातल्या खटाववाडीत श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन 'सत्यकथा' मासिक चालवत होते, तेव्हा लेखकाला कथा 'साभार परत' यायची. कधी सोबत पत्र यायचं, कुठे काय खटकलं, काय पुन्हा पाहावं. लेखक ती पत्रं जपून ठेवत. कथा पुन्हा लिहीत. एका कथेवर एवढा वेळ घालवणारा वाचक आपल्याला मिळाला, याचं मोल त्यांना कळत होतं. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडलं. आज कथा ईमेलने जाते आणि एक तर तशीच छापली जाते, नाहीतर उत्तरच येत नाही. दोन्हीत लेखकाचं नुकसान सारखंच आहे.

'सत्यकथे'च्या या कसोटीवर चिडलेलीही एक पिढी होती. साठच्या दशकाच्या अखेरीस लघुअनियतकालिकांच्या तरुणांनी 'सत्यकथे'चा अंक जाळला. अंक जाळणं मला पटत नाही. पण ती पोरं अंक जाळून घरी बसली नाहीत. अशोक शहाणे, राजा ढाले आणि त्यांच्या सोबत्यांनी सायक्लोस्टाइलवर, खिशातल्या पैशांवर, आपापली पानं काढली. कुणाची वाक्यरचना का पटत नाही हे मुद्देसूद लिहिलं आणि वेगळी वाक्यरचना करून दाखवली. मराठी कविता आणि गद्य त्यानंतर पूर्वीसारखं राहिलं नाही. टीका मान्य नसेल तर असं नामंजूर करावं. राग आला? दुसरं पुस्तक लिहा. संपादक पटत नाही? अंक काढा. रुसून बसल्याने कुठल्याही भाषेत एक ओळ वाढलेली नाही.

आता टीकाकारांकडे वळतो, कारण सगळा दोष लेखकाच्या पदरात घालणं अन्यायाचं होईल.

मराठीत परीक्षण लिहिणाऱ्याला मानधन नाममात्र आणि जागा त्याहून कमी. त्यामुळे परीक्षण लिहितात ते लेखकाचे मित्र. मित्राने मित्राच्या पुस्तकावर लिहायचं, पुढच्या वर्षी त्याने याच्या पुस्तकावर. या देवाणघेवाणीला परीक्षण म्हणणं वाचकाची फसवणूक आहे. मित्राचं पुस्तक असेल तर मित्राला घरी बोलावून, खर्डा असतानाच, काय खटकलं ते सांगा. पुरवणीत लिहू नका. आणि लिहिलंच तर तो मित्र आहे हे पहिल्या ओळीत सांगा.

दुसरी जात कापाकापीत रमणाऱ्यांची. पुस्तकातलं एखादं कच्चं वाक्य उचलायचं, त्यावर हशा पिकवायचा आणि आपण किती वाचलंय ते दाखवायचं. चार भागांतला एकच वाचून कीट्सला निकालात काढणाऱ्याचे हे वंशज. ज्याचं पुस्तक पूर्ण वाचलं नाही त्याच्यावर एक ओळही लिहायचा अधिकार कुणाला नाही. पहिलं पुस्तक लिहिणाऱ्या विशीतल्या मुलीवर आणि पंधरा पुस्तकं लिहून पुरस्कार घेतलेल्या लेखकावर एकाच आवाजात बोलणाऱ्यालाही टीका कळलेली नाही. तिला पुढे लिहायचं बळ राहील असं, पण खरं सांगावं. त्याला स्पष्ट सांगावं, कारण भोवतालचं कुणी त्याला सांगत नाही.

लिहिणाऱ्यांना चार गोष्टी सांगतो.

परीक्षण आलं त्या दिवशी काहीही लिहू नका, ना उत्तर, ना पोस्ट, ना परीक्षकाला रात्रीचा मेसेज. माहितीची चूक असेल तर संपादकाला दोन ओळींचं पत्र पाठवा. मताला उत्तर देऊ नका.

कुणी म्हणालं "नाही जमलं", तर कारण मागू नका, पान विचारा. "कुठल्या पानापर्यंत आवडीने वाचलंत?" या प्रश्नाचं उत्तर वाचक बहुधा खरं देतो. चार वाचकांनी जवळपासची पानं सांगितली, तर कामाला लागा.

पुस्तकाच्या बचावाला आई, बाप, गाव, जात, आजारपण उभं करू नका. ती सगळी तुमच्या लेखनात आहेत, तिथेच त्यांना बोलू द्या. चर्चेत त्यांचं नाव घेतलंत की वाचकाचं तोंड बंद होतं, आणि तोंड बंद झालेला वाचक पुढचं पुस्तक घेत नाही.

आणि ज्याच्या टीकेने झोप उडाली त्याला पुढचा खर्डा वाचायला द्या. छापायच्या आधी. हे सर्वांत अवघड आहे आणि सर्वांत उपयोगाचं.

शेवटी वाचकांना. लेखक बिघडतो त्यात आपला वाटा मोठा आहे. भेटल्यावर तोंडभर स्तुती आणि घरी गेल्यावर "काही दम नाही" ही आपली रीत आहे. ती सोडा. दिवाळी अंकांत लेखकाचा पत्ता किंवा ईमेल बऱ्याचदा छापलेला असतो. यंदा तुम्ही वाचलेल्या एका तरी कथेबद्दल तिच्या लेखकाला चार ओळी लिहा. काय आवडलं ते लिहा, कुठे अडलं ते लिहा, आणि खाली आपलं नाव घाला. नुसतं 'अप्रतिम' लिहिणार असाल तर लिहू नका. त्याचा लेखकाला काही उपयोग नाही.